अभ्यासक्रम आखायला बसण्याआधी: कॅथलिक प्राथमिक शाळेसाठी तयारीची यादी

आधी टेबलावर चार गोष्टी आणून ठेवा: सरकारने ठरवून दिलेला प्राथमिक अभ्यासक्रम, आपल्या धर्मप्रांताचे (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाचे) धर्मशिक्षणाविषयीचे नियम, गेल्या वर्षी प्रत्यक्षात पाळलं गेलेलं वेळापत्रक आणि 1983 च्या कॅनन कायद्यातली, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेतली, शाळांविषयीची कलमं. चौथी गोष्ट शिक्षकखोलीत क्वचितच सापडते, पण तिच्यावाचून काम सुरू करू नये असं मला वाटतं. कारण त्यातलं कलम 806 स्पष्ट सांगतं की कॅथलिक शाळेतलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान तोडीचं असलं पाहिजे, आणि ते तसं आहे ना हे पाहण्याची जबाबदारी शाळा चालवणाऱ्यांची आहे. त्यामुळे विज्ञान, चित्रकला किंवा खेळाचे तास कमी करून त्याला ‘आपल्या शाळेचं वेगळेपण’ म्हणायची सोय उरत नाही. शाळा कॅथलिक आहे म्हणूनच तिचा अभ्यासक्रम अधिक रुंद हवा, आणि पुढची सगळी यादी याच एका आग्रहातून आलेली आहे.

त्यानंतर मुलांची यादी. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी जी घोषणा केली, तिच्यात कॅथलिक शाळांनी कोणाची विशेष काळजी घ्यावी हे सांगितलं आहे: जे गरीब आहेत, ज्यांना घरच्यांचा आधार आणि माया मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे ही श्रद्धा नाही. आपल्या शाळेत या तिन्हींत कोण कोण येतं, ते वर्गवार लिहून काढा. प्रत्येक मुलापुढे घरात बोलली जाणारी भाषा, सांभाळ कोण करतं, तब्येतीची काही अडचण, वर्षभरात शाळा कितपत बुडते, हे हवं. कुटुंबाचा धर्म पालकांना विचारूनच नोंदवावा, आडनावावरून अंदाज बांधू नये. नजर आणि कान यांची तपासणी वर्ष सुरू होण्याआधी झालेली हवी. वाचनात मागे पडलेलं मूल फळाच नीट दिसत नसल्यामुळे मागे पडलेलं असू शकतं. ही यादी कुलपात ठेवायची, पण अभ्यासक्रम आखताना समोर घ्यायची. आधी सरासरी विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून सगळं आखायचं आणि मग ‘विशेष गरजा’ नावाचं एक पान शेवटी जोडायचं, या पद्धतीत ते पान कोणी उघडत नाही.

आता तास मोजा. गेल्या वर्षी कोणत्या विषयाला किती मिनिटं मिळाली, हे इयत्तेप्रमाणे मांडा. परीक्षा जवळ आल्यावर संगीत आणि चित्रकला कुठे गेली, कार्यक्रमाच्या तालमींनी कोणता विषय खाल्ला, सगळं त्यात दिसतं. धर्मशिक्षणाचा वाटाही असाच आकड्यात हवा. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी त्यांच्या शाळांसाठी शिकवण्याच्या एकूण वेळेच्या किमान 10 टक्के असा नियम ठेवला आहे. तुमच्या धर्मप्रांताचा आकडा काही असो, तो लिहिलेला असू द्या, आणि रोजची प्रार्थना व मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) यांचा वेळ त्यात मिसळू नका. प्रार्थना म्हणजे तास नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायचा तो पुढच्या कामासाठी: धर्मशिक्षणात नेमकं काय शिकवायचं आणि कोणाला. व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक कार्यालयाने 1988 साली काढलेल्या दस्तऐवजात शाळेतलं धर्मशिक्षण आणि श्रद्धेची दीक्षा देणारं शिक्षण यांत स्पष्ट फरक केला आहे. दुसरं काम श्रद्धा स्वीकारलेल्यांसाठी असतं आणि त्याची खरी जागा कुटुंब व धर्मग्राम, म्हणजे स्थानिक चर्चचा समुदाय, आहे. पहिलं काम ज्ञानाचं आहे, आणि ते वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी आहे. हा फरक शिक्षकांच्या डोक्यात पक्का नसला की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कॅथलिक मुलाला नुसत्या गोष्टी आणि रंगकाम मिळतं, आणि बाकीच्या मुलांना वाटतं की हा तास आपला नव्हेच. म्हणून प्रत्येक घटकाला लिहून ठेवा: मुलांना काय माहीत व्हायला हवं, काय समजावून सांगता यायला हवं, आणि कोणत्या प्रश्नावर त्यांना स्वतःचं मत मांडायची मुभा आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (मूल मिस्सामध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेतं त्या विधीची) तयारी धर्मगुरूंशी बोलून धर्मग्रामाकडे सोपवा आणि तारखा आधीच ठरवा, नाहीतर त्या इयत्तेचं सहामाही वेळापत्रक त्यात वाहून जातं.

प्रार्थनेच्या वेळी इतर धर्मांच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या घरातल्या मुलांनी काय करायचं, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं आणि पालकांना कळवलेलं हवं. शांत उभं राहणं पुरेसं असावं. क्रूसाची खूण करायला लावू नये, आणि न केल्याबद्दल कोणी टोकू नये. श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे कॅनन कायद्याचं कलम 748 सांगतं, आणि मुलाच्या विचार, सदसद्विवेक व धर्माच्या स्वातंत्र्याचा आदर करायला 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही सांगतो. सरकारी नियमांनी धर्मशिक्षणाच्या तासाला न बसण्याची मुभा दिली असेल, तर त्या मुलासाठी त्या वेळेत खरं काम तयार ठेवा. वाचनालयात नुसतं बसवून ठेवणं ही शिक्षाच होते.

इतर धर्मांची ओळख कोणत्या इयत्तेत, किती तास, कोणत्या पुस्तकांतून, हेही इथेच ठरवा. महासभेच्याच 1965 च्या दुसऱ्या एका घोषणेत म्हटलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. हे वाक्य मनावर घेतलं, तर त्या धर्मांची ओळख फक्त सणांचे पोशाख आणि गोडधोड एवढ्यावर थांबत नाही. त्या धर्माचे लोक स्वतःबद्दल जे सांगतात ते मुलांनी ऐकायला हवं, आणि शक्य असेल तर वर्गातल्याच एखाद्या पालकाकडून.

मग विषयांचा आशय. प्रत्येक विषयात पहिलीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत काय कशावर उभं राहतं, याचा एक तक्ता लागेल. तो बनवताना सगळे वर्गशिक्षक एकत्र बसलेले हवेत. इथे कॅथलिक परंपरेकडे भरपूर साहित्य आहे आणि शाळा ते फारच कमी वापरतात. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवरून शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन मठवासी होता. 1927 साली विश्व प्रसरण पावत असल्याची मांडणी करणारा जॉर्ज लमेत्र हा धर्मगुरू होता. पाचवी-सहावीच्या मुलाने ‘बायबल खरं की विज्ञान?’ असं विचारलं, तर शिक्षकाकडे ही माणसं तयार असली पाहिजेत, आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं सृष्टीवर्णन विज्ञानाचा पाठ म्हणून वाचायचं नसतं हे सांगण्याचा आत्मविश्वासही.

सर्वसमावेशकतेलाही या परंपरेत जुना आधार आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन मठवासीयाने बहिऱ्या मुलांना शिकवलं. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल दे लेपे या धर्मगुरूने बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्यांच्या खुणांच्या भाषेतून शिकवलं. अंधांना सहा ठिपक्यांची लिपी देणारा लुई ब्रेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याच्या लिपीचं पुस्तक 1829 मध्ये निघालं. फ्रान्समधले धर्मगुरू ज्यां-बातिस्त दे ला साल यांनी सतराव्या शतकात गरीब मुलांना वाचन लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंच भाषेतून शिकवायला सुरुवात केली. घरची भाषा वर्गात येऊ द्यायची की नाही यावर वाद झाला, तर हे उदाहरण काढा.

आता प्रत्येक घटकाला तीन प्रश्न लावून बघा. माहिती ऐकून, पाहून आणि हाताळून मिळते का? मूल आपलं उत्तर लिहून, बोलून, चित्र काढून किंवा करून दाखवू शकतं का? ज्याला पाच मिनिटांहून जास्त एका जागी बसवत नाही, त्याला या तासात काय करायचं आहे? अपेक्षा मात्र कमी करू नका. वाट बदला, मुक्काम तोच ठेवा. आणि एक गोष्ट माझ्यासाठी तडजोडीपलीकडची आहे: वाचनाची जादा शिकवणी चित्रकला, संगीत किंवा खेळाच्या तासाला ठेवायची नाही. ज्या मुलाला दिवसभरात तिथेच काहीतरी जमतं, त्याचाच तो तास आपण काढून घेतो. वेळापत्रक बनवणाऱ्याने ही अट आधी लिहून घ्यावी.

भिंतींवरची आणि पुस्तकांतली चित्रं तपासा. सगळे संत एकाच वर्णाचे दिसत असतील, तर गुलामगिरीतून सुटलेली सुदानची जोसेफिन बखिता, पेरूचा मार्टिन दे पोरेस, उत्तर अमेरिकेतली मोहॉक जमातीची कन्या कातेरी तेकाक्विथा आणि 2022 मध्ये संतपद मिळालेले भारतातले देवसहायम यांना जागा करून द्या. त्यांच्या कथा इतिहास-भूगोलातही बसतात.

उपासनेच्या वर्षाचं कॅलेंडर शालेय कॅलेंडरवर ठेवून बघा. आगमनकाळ (नाताळाआधीचा) आणि प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) कोणत्या घटकांशी जुळतात ते दिसेल. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा चर्चमध्ये पाळला जाणारा सृष्टीचा काळ पर्यावरणाच्या घटकाला चपखल बसतो. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं 2015 चं परिपत्रक ‘लाउदातो सी’ शिक्षकांनी त्याआधी वाचलेलं असावं. इतर मुलांच्या मोठ्या सणांच्या दिवशी चाचणी येत नाही ना, तेही बघून घ्या.

शरीराची ओळख, सुरक्षित स्पर्श आणि मदत कोणाकडे मागायची हे घटक वयाप्रमाणे ठरलेले आणि पालकांना आधी दाखवलेले हवेत. इथे टाळाटाळ नको. सहली, वाद्यं, रंग यांचा खर्च आजच काढा. पैशांअभावी एकही मूल मागे राहणार असेल, तर तो उपक्रम निधी मिळेपर्यंत योजनेत घेऊ नका.

शिक्षकांना विचारा की कोणता विषय शिकवताना धास्ती वाटते. उत्तर बहुधा संगीत, विज्ञानातले प्रयोग किंवा धर्मशिक्षण येईल. प्रशिक्षणाचे दिवस त्यासाठीच वापरा. शिक्षक स्वतः कॅथलिक नसेल, तर धर्मशिक्षणाचा तास कोणी घ्यायचा हे धर्मप्रांताचा नियम पाहून, त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

शेवटी मूल्यमापन आणि पालकसभा. प्रत्येक विषयात सहामाहीला काय तपासायचं ते एका ओळीत मावलं पाहिजे. मुलाची श्रद्धा किती, हे कधीही तपासायचं नाही. पालकांना वर्षाचा आराखडा त्यांना वाचता येईल अशा भाषेत द्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोलावून सांगा. पहिल्या सत्राच्या अखेरीस फेरतपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि त्या बैठकीला मुलांची ती कुलपातली यादी सोबत घ्या.