डेट्रॉइटला आलेल्या पाहुण्यांना फोर्डचा इतिहास कसा दाखवावा

उन्हाळा लागला की डेट्रॉइटजवळच्या आमच्या कँटनच्या घरी पाहुणे येतात. नायगारा होतो, शिकागो होतं, आणि मग एका सकाळी चहा पिताना कुणीतरी विचारतं, "आणि तुमच्या इथे काय आहे बघण्यासारखं?" आमच्या इथे गाड्या आहेत. मी सतरा वर्षं गाडीच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करते, त्यामुळे फोर्ड दाखवायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. आतापर्यंत नऊ वेळा दाखवून झाली. त्यातल्या पहिल्या दोन वेळा साफ फुकट गेल्या.

चूक अशी झाली की मी सगळ्यांना थेट डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये नेलं. ते अवाढव्य आहे. नागरी हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्सची बस, केनेडींची लिंकन गाडी, आगगाडीची इंजिनं, विमानं. दोन तासांत सगळ्यांचे पाय भरून येतात आणि घरी आल्यावर फोर्डबद्दल एक वाक्य कुणाला सांगता येत नाही. म्हणून म्युझियम शेवटी ठेवा. आधी इमारती दाखवा, आणि त्याही कंपनीला एकेक इमारत जशी अपुरी पडत गेली त्या क्रमाने. माणसाची चाळीतली खोली, मग फ्लॅट, मग बंगला पाहिला की त्याचा संसार कळतो, तसंच हे आहे. दोन दिवस लागतात. शक्यतो गुरुवार-शुक्रवार धरा, कारण पहिल्या दिवसाची ठिकाणं आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी कारखाना चालू असलेला हवा.

यंदा जूनमध्ये माझे सासरे होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेली आहेत. असा पाहुणा मिळाला तर नशीब समजा.

कँटनहून डेट्रॉइट शहरात पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात गाडीतच सुरुवातीची गोष्ट उरकून घ्या, कारण त्या भागात दाखवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. १८६३ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हेन्री फोर्ड एडिसन कंपनीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. बॅगली अव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागे एक शेड होती, तिथे त्याने सायकलच्या चार चाकांची गाडी बनवली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती बाहेर काढायला गेला तर दार अरुंद! कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडावी लागली. (माळ्यावर कपाट बनवून घेऊन मग ते खाली कसं आणायचं याचा विचार करणारे लोक आमच्याही घरात आहेत.) पुढे काढलेली पहिली कंपनी बुडाली. दुसरी तो सोडून गेला, आणि तिचीच पुढे कॅडिलॅक झाली. १६ जून १९०३ ला तिसरी काढली, २८ हजार डॉलर रोख भांडवलावर. महिन्याभरात खात्यात २२३ डॉलर ६५ सेंट उरले होते, तेवढ्यात शिकागोच्या डॉ. फेनिंग नावाच्या दंतवैद्याने पहिली गाडी घेतली. इतकं सांगून होईपर्यंत एक्झिट येतो.

पहिला मुक्काम पिकेट अव्हेन्यूचा कारखाना. इथे घाई करू नका, अडीच तास हाताशी ठेवा. १९०४ सालची तीन मजली विटांची लांबुळकी इमारत आहे, कापडगिरणीच्या नमुन्यावर बांधलेली: लांबी ४०२ फूट आणि रुंदी फक्त ५६. इतकी चिंचोळी का, ते पाहुण्यांना ओळखू द्या. नानांनी दारातच ओळखलं: "उजेडासाठी. मधल्या माणसालाही खिडकी मिळाली पाहिजे." मध्ये आगीच्या भिंती आणि लोखंडी दारं घालून इमारतीचे चार भाग केलेले आहेत. २००५ साली शेजारची जुनी इमारत जळून खाक झाली, ही वाचली.

आत शिरल्यावर चकचकीत गाड्यांकडे सगळे आधी धावतात. धावू द्या. नंतर त्यांना जमिनीकडे बघायला सांगा. लाकडी फळ्या आहेत, त्यांत तेल मुरून काळे डाग पडलेत, खाचा पडल्यात. इथे लाइन नव्हती. गाडी एका जागी उभी असायची, माणसं आणि सुटे भाग तिच्याकडे यायचे. नाना गुडघ्यावर बसले, एका डागावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथे ऑइल भरत असतील." खरं-खोटं कुणाला माहीत, पण आमच्या गाइडआजोबांना, जे स्वतः गाडीच्याच कारखान्यातून रिटायर झालेले होते, ते फार आवडलं. पुढचा अर्धा तास त्या दोघांचं माझ्याशिवाय छान चाललं होतं, एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याचं इंग्रजी यंत्रांच्या नावांपुरतं.

तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातली बंद खोली चुकवू नका. मॉडेल टी इथे जन्मली. जोसेफ गलांब हा हंगेरीहून आलेला इंजिनिअर फळ्यावर खडूने आकृती काढायचा आणि फोर्ड आपल्या आईच्या डुलत्या खुर्चीत बसून बघायचा. बाकी कारखान्यात तेव्हा जुन्या मॉडेलच्या गाड्या बनत होत्या. १ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी बाजारात आली: २० अश्वशक्ती, चार सिलिंडर, किंमत ८५० डॉलरच्या आसपास. मागणी इतकी आली की १९१० मध्ये ही इमारत सोडावीच लागली. मुलांना विचारा, "मग कुठे गेले?" आणि गाडीत बसवा.

वुडवर्ड अव्हेन्यूने चारेक मैल उत्तरेला हायलँड पार्क आहे. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की इथे बघायला जवळपास काही नाही. अल्बर्ट कान या आर्किटेक्टने काँक्रीट आणि काचेचा कारखाना बांधला होता, लोक त्याला काचमहाल म्हणत. आज त्यातल्या काही जुन्या इमारती आणि एक ऐतिहासिक पाटी आहे, शेजारी दुकानं. आम्ही पार्किंगमध्येच थांबतो, मी थर्मासमधला चहा ओतते, ठेपले काढते आणि मॅग्नेटोची गोष्ट सांगते. ही गोष्ट इथेच सांगायची.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग. एक कुशल कामगार टेबलावर बसून पूर्ण मॅग्नेटो जोडायचा, वीस मिनिटं लागायची. १ एप्रिल १९१३ ला २९ माणसं एका लांब फळीपाशी उभी केली. प्रत्येकाने एक-दोन नट बसवायचे आणि शेजाऱ्याकडे सरकवायचं. वेळ आला १३ मिनिटं १० सेकंद. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणसं वाकताहेत. फळी आठ इंच वर उचलली, वेळ सात मिनिटांवर आला. पुढे सरकता पट्टा लावला तेव्हा पाच. वर्षभरात अख्खी चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, दोरीने, मग साखळीने ओढायला लागले, आणि साडेबारा तासांचं काम ९३ मिनिटांत होऊ लागलं.

"आठ इंच," नाना म्हणाले. त्यांच्या प्रेसपुढचा लाकडी पाट वर घ्या म्हणून त्यांनी किती वर्षं अर्ज केले, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पण इथेच दुसरी बाजूही सांगा, नाहीतर जाहिरात होते. एकच नट दिवसभर पिळायला माणसं टिकेनात. १९१३ मध्ये १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ५२ हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली. ५ जानेवारी १९१४ ला पाच डॉलर रोज आणि आठ तासांचं काम जाहीर झालं ते यामुळे, नुसत्या दानतीमुळे नाही. आधी रोज साधारण निम्मा होता. थंडीत हजारो लोक फाटकावर आले आणि काही दिवसांतच गर्दी हटवायला त्यांच्यावर पाण्याचे पाइप सोडले. पाच डॉलर हवे असतील तर कंपनीचा माणूस तुमच्या घरी येऊन स्वच्छता, दारू, बचत सगळं तपासून जाणार. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे स्थळ बघायला आल्यासारखंच."

दुपारी परत वुडवर्डनेच खाली या आणि डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराची भित्तिचित्रं बघा. चित्रांचा आणि गाड्यांचा काय संबंध, असं विचारणारे एक काका दर वेळी असतात. १९३२-३३ मध्ये रिव्हेराने फोर्डचा डिअरबॉर्नचा रूज कारखाना पाहून हे २७ भाग रंगवले आणि पैसे दिले हेन्रीच्या मुलाने, एडसेलने. उत्तरेकडच्या भिंतीवर व्ही-८ इंजिन ओततानाचं चित्र आहे, दक्षिणेकडच्या भिंतीवर गाडीची जुळणी. पोरांना एक काम द्या: दक्षिणेच्या भिंतीवर पूर्ण झालेली गाडी शोधा. आहे, पण मधोमध पार मागे, बोटाएवढी लाल. बाकी सगळीकडे माणसांच्या पाठी आणि यंत्रं. तोवर खालच्या उजव्या कोपऱ्यात एडसेल स्वतः उभा आहे, तो मोठ्यांना दाखवा.

दुसरा दिवस डिअरबॉर्नचा. रूज कारखान्याची बस म्युझियममधूनच सुटते. तिकीट काढण्याआधी फोन करून लाइन चालू आहे ना, हे विचारा. मी एकदा न विचारता आठ जणांना घेऊन गेले आणि आम्ही वरच्या गॅलरीतून थांबलेले ट्रक बघत बसलो. चूक माझीच. आत फोटो काढता येत नाहीत, तेही आधी सांगा, म्हणजे तोंडं वाकडी होत नाहीत.

१९१७ मध्ये सुरू झालेला हा पसारा दीड मैल लांब, एक मैल रुंद. एका टोकाला बोटीने लोखंडाची माती यायची आणि दुसऱ्या टोकाने गाडी निघायची. १९३० च्या दशकात इथे लाखभर माणसं कामाला होती. आता एफ-१५० ट्रक बनतो. गॅलरीत पुढे पळू नका, एकाच ट्रकवर नजर ठेवा. रंगून आलेल्या ट्रकची दारं आधी काढून टाकतात, म्हणजे आत वावरायला जागा मिळते आणि रंगाला चरा जात नाही. दारं वेगळ्या लाइनवर जातात आणि शेवटी त्याच ट्रकला येऊन भेटतात. मी सीटवाली असल्याने माझं लक्ष सीट आत शिरते त्या जागेवर असतं, घरचे त्यावरून मला चिडवतात.

मिलर रोडवरचा फाटक क्रमांक ४ चा पूल जाता-येता दाखवा. २६ मे १९३७ ला युनियनची पत्रकं वाटायला आलेल्या वॉल्टर रूथर आणि त्याच्या सोबत्यांना फोर्डच्या सुरक्षा खात्याच्या माणसांनी इथे मारलं, आणि रक्ताळलेल्या शर्टांचे फोटो देशभर छापून आले. तरी युनियनशी करार व्हायला १९४१ उजाडलं. कॉलेजातली मुलं सोबत असतील तर ती फोर्डच्या ज्यूद्वेषाबद्दल विचारतातच. गुळमुळीत बोलू नका: त्याच्या मालकीच्या साप्ताहिकात १९२० पासून ज्यूंविरुद्ध लेखमाला चालली, १९२७ मध्ये त्याने माफी मागितली.

आता म्युझियम, आणि दोनच वस्तू: ती सायकलच्या चाकांची गाडी आणि १९२७ ची दीड कोटीवी मॉडेल टी. मध्ये एकतीस वर्षं. बाकी ज्याला हवं त्याने हवं ते बघावं. मग शेजारच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये मॉडेल टीमधून चक्कर मारा (हिवाळ्यात व्हिलेज बंद असतं). गाडी चालवणाऱ्या पाहुण्याला पुढे बसवा आणि ड्रायव्हरच्या पायांकडे बघायला सांगा. तीन पेडल आहेत पण आपली नाहीत. डावं पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. अॅक्सिलरेटर हाताने, स्टिअरिंगखाली. पेट्रोलची टाकी सीटखाली, पंप नाही, त्यामुळे पेट्रोल कमी असलं की चढावर गाडी उलटी न्यायची.

"म्हणजे कसारा घाट रिव्हर्समध्ये?" नानांनी विचारलं. ड्रायव्हरला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, हो, आणि सवय होते.

पुढच्या काळासाठी वेगळं ठिकाण नाही, जेवताना सांगून टाका. १९६४ ची मस्टँग सगळ्यांना माहीत असते. नाशिककरांना आठवण करून द्या की १९९६ मध्ये फोर्ड एस्कॉर्ट महिंद्राबरोबर तिथेच बनायची. आणि २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर टाटा मोटर्सला २३० कोटी डॉलरना विकली, यावर कुणीतरी व्हॉट्सअॅपवरची अपमान आणि सूडाची कहाणी सांगणारच. मी त्या वेळी पोळ्या वाढते.

शेवटी रूज नदीकाठचं फेअर लेन, हेन्रीचं घर. आवारात फिरायला मिळालं तरी पुरे, नदीच्या अंगाने वीजघराकडे चाला. नदीच्या पाण्यावर त्याची स्वतःची वीज तयार व्हायची. एप्रिल १९४७ मध्ये नदीला पूर आला, वीजघर बंद पडलं, आणि ७ तारखेच्या रात्री, एडिसनच्या वीजकेंद्रात नोकरी केलेला हा माणूस त्र्याऐंशीव्या वर्षी मेणबत्ती आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात गेला.

नाना बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "सूनबाई, म्हणजे लाईट यांचीही जायची." आणि डास चावायला लागले म्हणून आम्ही गाडीकडे निघालो.