गाळलेल्या जागा भरा : एक्स-मेनची हरवलेली पाच वर्षं

शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ हा माझा हुकमी प्रश्न होता. चाळिशी ओलांडली तरी खोड गेली नाही. आता जुन्या कॉमिक्समधल्या कथांमध्ये राहून गेलेल्या जागा स्वतःच्या कथा लिहून भरतो. माझी आवडती जागा एक्स-मेनची, म्हणजे मार्व्हलच्या अचाट शक्तीच्या ‘म्युटंट’ नायकांच्या टीमची, १९७० ते १९७५.

तुम्हालाही अशी जागा भरायची असेल, तर आधी तिचे दोन्ही काठ पक्के करा. अलीकडचा काठ म्हणजे मार्च १९७० चा अंक ६६. एक्स-मेनची शाळा चालवणारे प्रोफेसर झेवियर बेशुद्ध, त्यांना जागं करणारं यंत्र ब्रूस बॅनरकडे, आणि बॅनर म्हणजेच हल्क, म्हणून पोरं थेट हल्कला भिडतात. प्रोफेसर डोळे उघडतात आणि नव्या गोष्टी बंद! पुढे मालिका निघाली, पण ६७ ते ९३ हे अंक म्हणजे जुन्याच कथांची पुनर्मुद्रणं. पलीकडचा काठ १९७५ चा जायंट-साइझ एक्स-मेन : जुनी टीम क्राकोआ या जिवंत बेटाच्या तावडीत, आणि तिला सोडवायला स्टॉर्म, वुल्व्हरिन वगैरे नवी मंडळी. कोण कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे दोन्हीकडचं वहीत उतरवा.

मधली जागा रिकामी आहे असं समजू नका. मी तेच समजलो आणि तोंडावर आपटलो. ही पात्रं त्या काळात दुसऱ्यांच्या घरी, म्हणजे मार्व्हलच्या इतर मालिकांत, पाहुणी म्हणून फिरत होती. १९७४ मध्ये टीममधले सायक्लॉप्स आणि मार्व्हल गर्ल कॅप्टन अमेरिकाच्या १७३ ते १७५ या अंकांत दिसतात. हॅंक मॅकॉय, म्हणजे टीममधला बीस्ट, १९७२ मध्ये अमेझिंग ॲडव्हेंचर्सच्या ११ व्या अंकात ब्रॅंड कॉर्पोरेशन या संशोधन करणाऱ्या कंपनीत नोकरीला जातो, स्वतःवरच प्रयोग करतो आणि अंगभर केस उगवून घेतो. मी माझ्या पहिल्या कथेत त्याला बिनधास्त निळा रंगवला. एका वाचकाने शांतपणे कळवलं, “काका, तेव्हा तो करडा होता.” खरंच होतं. कथा मागे घेतली, आठवडाभर तोंड लपवलं.

कॉमिक्सचा लेखक-चित्रकार जॉन बर्न याने हीच जागा १९९९ ते २००१ मध्ये ‘द हिडन इयर्स’च्या २२ अंकांत भरायला घेतली होती. ती मानायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त कथेच्या वर एका ओळीत सांगून टाका. मी मानत नाही. त्या काळातले अंक तेवढे प्रमाण, बाकीचं नंतरचं.

आता गोष्ट. मोठा खलनायक आणू नका. जग हादरवणारं काही घडवलंत, तर १९७५ मध्ये त्याबद्दल कुणी चकार शब्द का काढत नाही, याचं उत्तर द्यावं लागेल. शेवटी सगळे ‘विसरले’ ही पळवाट तर मुळीच नको. परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं. कुणी मेलं नाही, कुणाला नवी शक्ती मिळाली नाही, तरी काहीतरी बदललं, अशी गोष्ट शोधा. छापील अंकात एखादी गोष्ट नुसती उल्लेखून सोडलेली असते, तिथे थांबा. हॅंक शाळा सोडून गेला हे आपल्याला ठाऊक आहे. पण निघाला कसा?

माझी दुसरी कथा तेवढीच आहे. रात्र, बॅग, निरोपाला एकटा बॉबी, म्हणजे टीममधला आइसमन. मारामारी नाही. हॅंकच्या त्या अवाढव्य पावलांचे बूट बॅगेत मावत नाहीत, म्हणून एक जोड मागेच राहतो आणि बॉबी तो जिन्याखाली सरकवून ठेवतो.