जॉर्जियन काळातील प्रेमकादंबरी लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडच्या जॉर्जियन काळातील उमरावांच्या प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या नवोदितांची हस्तलिखिते मी बरीच वर्षे वाचत आले आहे. त्यांतली मुळातली चूक म्हणजे कथेचे साल निश्चित नसणे. हा काळ १७१४ ते १८३० असा शतकाहून मोठा आहे. वेताच्या कड्यांवर फुगवलेला १७४५ चा घेरदार झगा आणि छातीखाली चुणलेला १८१० चा मलमलीचा झगा एकाच नृत्यसमारंभात दिसू शकत नाहीत. मी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तारीख लिहिते आणि अखेरच्या खर्ड्यापर्यंत ती खोडत नाही.

लग्नाच्या बाबतीत तर एका हस्तलिखिताने मला फार हळहळ लावली. १७८८ साली एकोणीस वर्षांची उमरावकन्या बाथ शहराजवळच्या खेड्यातील चर्चमध्ये मध्यरात्री एका कॅप्टनशी गुपचूप लग्न करते आणि पुढची दोनशे पाने त्यांच्या मुलाच्या वारसाहक्कावर उभी राहतात. मेणबत्तीचे मेण वधूच्या हातमोज्यावर ठिबकते, तो प्रसंग लेखिकेने इतका सुंदर लिहिला होता की तो मला आजही आठवतो. मात्र १७५४ पासून लागू झालेल्या लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्यानुसार, तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर घोषणा झाल्याशिवाय किंवा परवाना असल्याशिवाय लागलेले लग्न रद्दबातल होते आणि ते लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षांची हद्दपारी होती. मूल अनौरस ठरले आणि दोनशे पानांचा पायाच गेला. हा कायदा स्कॉटलंडला लागू नसल्यामुळे जोडप्याला सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पाठवावे, असे मी सुचवले. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत, मागून मुलीचा भाऊ येत असल्याच्या धास्तीत केलेला तो शेकडो मैलांचा प्रवास हेच एक उत्तम प्रकरण झाले असते. लेखिकेला छपाईची घाई होती, म्हणून तिने ‘विशेष परवाना मिळाला’ एवढे एक वाक्य घातले. तो परवाना कँटरबरीचे आर्चबिशप देत असत आणि एकवीस वर्षांखालील मुलीला त्यासाठीही वडिलांची संमती लागत असे. अशा पळवाटांनी कथा सावरत नाही.

घर्षणाने पेटणारी काडी १८२७ पूर्वी कोणाच्या खिशात ठेवू नये. पत्राला पाकीट देऊ नये, कारण टपालखर्च कागदांच्या संख्येवर ठरे आणि पाकीट हा आणखी एक कागद धरला जाई. पत्र घडी घालून लाखेने बंद करत. सप्टेंबर १८०३ मध्ये भारतात असईच्या लढाईत लढलेला नायक त्याच नाताळात लंडनला नाचू शकत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला अनेक महिने लागत.

संबोधनांकडे मात्र मराठी लेखकाने विशेष लक्ष द्यावे. अर्लची, म्हणजे वरच्या दर्जाच्या उमरावाची, मुलगी ‘लेडी शार्लट’ असते, म्हणजे ‘लेडी’पुढे तिचे स्वतःचे नाव येते, सर थॉमस हारकोर्ट यांची पत्नी मात्र ‘लेडी हारकोर्ट’ असते, ‘लेडी थॉमस’ कधीच नव्हे. या पत्नीच्या तोंडी ‘अहो, ऐकलंत का’ घातले की ती लंडनहून थेट सदाशिव पेठेत येते. ती नवऱ्याला ‘सर थॉमस’ म्हणेल. दुसऱ्याच भेटीत नायक-नायिका एकमेकांना ‘तू’ म्हणू लागतात, हे मला सर्वांत जास्त खटकते. जिथे पहिल्या नावाने हाक मारणे हीच मोठी जवळीक होती, त्या समाजातील ओढ दाखवायला इंग्रजीच्या एकाच सर्वनामापेक्षा आपले ‘तुम्ही’ आणि ‘तू’ अधिक उपयोगी पडतात. मी पहिला खर्डा पूर्ण ‘तुम्ही’मध्ये लिहिते आणि मग तांबडी पेन्सिल घेऊन पहिल्या ‘तू’ची जागा शोधते. बहुधा ती मागणी घालण्याच्या प्रसंगानंतर, दोघे एकटे असताना, एखाद्या अर्धवट वाक्यात सापडते.