मेघदूतावरून नाटक बसवताय? आधी वहीवाला ठरवा

आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाच्या मेघदूतावरून काहीतरी करायचं, लिहिलेली संहिता नको, सगळ्यांनी मिळून तालमीत घडवायचं, असं ठरलं असेल तर पहिलं काम म्हणजे एक जण लिहायला बसवा. हातात वही, दुसरी कुठली जबाबदारी नाही. आमचं मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि तालमीत सापडलेलं निम्मं प्रयोगापर्यंत पोचलंच नाही.

हॉल, सतरंज्या, पाणी हे तुम्हाला कळतं. जळगावच्या मे महिन्यात दुपारची तालीम लावू नका, बस्स.

कविता अख्खी वाचा, पूर्वमेघातल्या, म्हणजे पहिल्या भागातल्या, नद्या-डोंगरांतच अडकू नका, नाटकाची माणसं दुसऱ्या भागात, उत्तरमेघात आहेत. मूळ संस्कृत कुणीही घ्यावं, पण मराठी अनुवाद स्टेजवर म्हणायचा तर परवानगी काढा, अनुवादक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात आणि कुसुमाग्रज १९९९ ला गेले, शांताबाई शेळके २००२ ला, म्हणजे हिशोब करा. त्यापेक्षा अर्थ पचवून पोरांना आपल्या भाषेत बोलू द्या, घरी अहिराणी असेल तर अहिराणीत. मंदाक्रांता, म्हणजे कवितेचं वृत्त, मात्र सोडू नका, ओळीत १७ अक्षरं, ४-६-७ वर थांबे, आधी चार जड पावलं मग पाच झपझप आणि सहावं टेकवायचं, असं हॉलभर चालून बघा, वाट बघणं पायात उतरतं.

मग आपला यक्ष, म्हणजे घरापासून लांब अडकलेला आणि ढगाकडून बायकोला निरोप धाडणारा, कोण ते ठरवा. कामासाठी सुरतेला गेलेला नंदुरबारचा पोरगा घेतला तर पावसाळी ढगही तिकडूनच आपल्याकडे येतात, पण खिशात मोबाईल असताना तो ढगाशी का बोलतो, याचं उत्तर ग्रुपकडे असलंच पाहिजे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका, आणि सापडलं की वहीत!

यक्षपत्नीवर जास्त वेळ द्या. उंबऱ्यावर ठेवलेली फुलं जमिनीवर मांडत ती उरलेले महिने मोजते. वीणा घेते तर तारा आसवांनी भिजतात, त्या पुसून वाजवायला जाते तर स्वतःच बांधलेले सूर विसरते. हे मुलींना फक्त सांगा आणि गप्प बसा. एखादी असं काही करून जाईल की अंगावर काटा येईल, आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर तिलाच आठवणार नाही, म्हणून वही. कोण काय बोललं, कुठे थांबलं, हातात काय होतं, सगळं तिथल्या तिथे. व्हिडिओ आहे ना, असं म्हणू नका, पंख्याच्या घरघरीत वाक्यं ऐकू येत नाहीत आणि दोन तासांचं रेकॉर्डिंग परत कुणीच बघत नाही. वही म्हणजे वहीच.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी घरातल्या आज्यांकडून घ्या, विचारून घ्या.

जूनच्या सुरुवातीला नवं घडवणं बंद, फक्त काटछाट. जाहीर प्रयोगाला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे आपलं सेन्सॉरचं, सर्टिफिकेट लागतं, तिथे पूर्ण संहिता कागदावर द्यावी लागते, ती वहीतूनच निघणार, त्यामुळे आधीच टाईपला द्या. लाईट साधे, सेट नको, कपडे घरचे. ढोलकीवाल्याची तारीख धरा. वहीची झेरॉक्स दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.