मित्राच्या लव्हस्टोरीत लुडबुड करणारे दोस्त: गणपतीसाठी धमाल फार्स कसा बसवायचा

गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर अर्ध्या तासाचं काही करायचं असेल तर हा विषय घ्याच. एक लाजाळू मित्र, त्याला आवडणारी मुलगी आणि "तू गप बस रे, आम्ही जमवतो" म्हणणारे दोन दोस्त, एवढ्यावर अख्खं नाटक उभं राहतं.

पण आधी ठरवा की हे दोघं लुडबुड का करतायत, नुसतं मजा म्हणून असेल तर दहा मिनिटांत लोक मोबाईल काढतात. सई परांजपेंचा १९८१ चा 'चश्मेबद्दूर' सिनेमा आठवा, दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, त्यातल्या दोघांची नेहा नावाच्या मुलीकडे डाळ शिजलेली नसते पण खोलीवर येऊन भलत्याच फुशारक्या मारतात, मग तिसऱ्याचं तिच्याशी खरंच जमतं तेव्हा तिच्याबद्दल नाही नाही ते सांगून मोडतात, आणि पुन्हा जुळवायला म्हणून खोटं किडनॅपिंग रचतात तर ते खरंच होऊन बसतं. प्रत्येक गोंधळ आधीच्या खोट्यातून आलाय बघा. तुम्ही पण डायलॉग लिहायच्या आधी एका कागदावर फक्त खोटी लिहून काढा, पहिलं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.

आता मारामारी. थप्पड मारणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे हवी, त्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो आणि त्याच क्षणी मार खाणारा स्वतःच्या छातीजवळ टाळी वाजवून मान फिरवतो. टाळी लपते आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मान आधी फिरली की सगळं फुकट, म्हणून आकडे मोजत हळूहळू, पन्नास वेळा करा.

पडताना हात टेकायचा नाही म्हणजे नाही! गुडघे वाकवून खाली यायचं, आधी मांडीची बाजू, मग कुल्ला, मग पाठीची कड, हनुवटी छातीला. आमच्या तालमीत एका मुलाने सगळा भार मनगटावर घेतला आणि शोच्या चार दिवस आधी प्लास्टर, फार वाईट वाटलं होतं सगळ्यांना. सुरुवातीला गादी घालाच. आणि प्रेक्षकांकडे बादली रिकामी करायचा विनोद असेल तर तीत पाणी नको, स्टेज निसरडं होतं, कागदाचे कपटे भरा, पहिली रांग तरीही डोकं खाली घालते.

मुलीला शोपीस करू नका प्लीज. दोघांचा डाव तिनेच पकडावा, तिला हो-नाही म्हणायचा पूर्ण सीन द्या, आणि नाही म्हटल्यावर मागे मागे फिरणं तर अजिबात दाखवू नका, समोर लहान पोरं बसलेली असतात.

शेवटी मित्र स्वतःच्या तोंडाने तिला विचारतो तेव्हा पडद्याखालून त्या दोघांचे फक्त पाय दिसू देत, आणि ढोलकीवाल्याला तेवढा वेळ हात थांबवायला सांगा.