सिगारचं वरचं पान तडकलं तर
नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सिगार बाहेर राहिली की वरचं पान तडकतंच, माझी एक टेबलवर पडून पार बँडपर्यंत, म्हणजे सिगारवरच्या कागदी पट्टीपर्यंत उकलली. फेविकॉल बिलकुल नको, ते जळणार आहे बाबा! जॅममध्ये घालतात ते पेक्टिन आणा, चिमूटभर कोमट पाण्यात घोटून पातळ खळ करा, त्याला चव नसते आणि सिगार वळणारे कारागीरही ते वापरतात. पण आधी ६५-७० टक्के आर्द्रतेच्या डब्यात आठवडाभर ठेवून पान मऊ होऊ द्या, नाहीतर दाबताना अजून फुटतं. मग चिरेखाली बोटाने किंचित खळ, कडा हलक्या दाबायच्या, सुकू द्यायचं. तुकडाच उडालाय तर दुसऱ्या वाया गेलेल्या सिगारच्या पानाचं ठिगळ. पेटवायच्या टोकाला बारीक चीर असेल तर सोडा, तशीही जळूनच जाते.