जुन्या मियाटात काय बदलावं आणि कोणत्या क्रमानं

जुनी जपानी स्पोर्ट्स कार दारात आली की पहिल्याच आठवड्यात हात शिवशिवू लागतात. सायलेन्सर बदलू, एअर फिल्टर मोठा घालू, जमलं तर टर्बोही (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसवू. माझंही असंच झालं होतं. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि गेली नऊ वर्षं माझ्याकडे १९९२ ची लाल माझदा मियाटा आहे. पहिल्या वर्षी मी सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलले, आवाज छान झाला आणि गाडी होती तशीच चालत राहिली. खरा फरक नंतर पडला, जेव्हा मी बॉनेट बंद करून गाडीखाली शिरलो.

हा लेख मियाटाबद्दल आहे, पण क्रम कुठल्याही जुन्या हलक्या जपानी गाडीला लागू पडेल. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर, युरोपात एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाला ११६ हॉर्सपॉवर, वजन साधारण एक टन, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरणारी रचना). प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी ‘जिनबा इत्ताई’ म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे एकच सूत्र धरून ती घडवून घेतली. तेव्हा गाडीचं बळ वळणात आहे, हे लक्षात ठेवूनच पाकीट उघडा.

पायरी १: गाडी कशासाठी आहे ते कागदावर लिहा

रविवारी घाटात फिरायला, रोज ऑफिसला, की ट्रॅकवर? मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं आहे का? एका ओळीत लिहा. ही ओळ पक्की नसेल तर अर्धे भाग ट्रॅकचे, अर्धे रस्त्याचे येतात आणि गाडी कुठल्याच कामाची राहत नाही.

पायरी २: आधी तिला मूळ रूपात आणा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त फळ देणारी. तीस वर्षांच्या गाडीत रबराचा प्रत्येक तुकडा थकलेला असतो. तुम्हाला वाटतं पिकअप कमी आहे, आणि प्रत्यक्षात एखादा ब्रेक कॅलिपर (डिस्क आवळणारा चिमटा) चिकटून चाकाला धरून बसलेला असतो. म्हणून नवीन भाग घेण्याआधी ही तपासणी करा.

इंजिन: चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. आकडा किती आहे यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहा. साधारण दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ताकद वाढवण्याचा विचार तिथेच थांबवा. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो. आधीच्या मालकाकडे पावती नसेल तर बदललेला नाही असंच समजा. बेल्टसोबत वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलं एकदमच करून घ्या, कारण तिथवर पोचायची मेहनत एकच आहे.

क्रँकची पुली: १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. तिथला बोल्ट नीट आवळलेला नसेल तर पुलीला दांड्यावर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते आणि पुली डगमगू लागते. टॉर्च घेऊन समोरून पुलीच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं सुधारलेलं. चार खाचांच्या इंजिनावर टर्बोचा खर्च करण्याआधी दहा वेळा विचार करा.

रेडिएटर: वरची टाकी प्लॅस्टिकची असते. नवीन असताना काळी, थकली की तपकिरी-हिरवट होते. असा रंग दिसला तर ती फुटायची वाट पाहू नका. माझी फुटली ती जूनमध्ये, महामार्गावर, आणि तेव्हा माझ्याकडे चमकता नवा सायलेन्सर होता.

सिल्स (दाराखालचे पोकळ पत्रे): कापडी छताचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळीत साचतं आणि गाडी आतून कुजते. मागच्या चाकापुढचा पत्रा बोटानं दाबून पाहा. तिथे गंज असेल तर पहिला खर्च तोच. कोकणातल्या पावसात गाड्या पाहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा), इंजिनाच्या मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सरचं छोटं रबरी कडं, इंजिनाचे माउंट, हेही याच फेरीत बघा. भाग स्वस्त आहेत, गळती मात्र वर्षानुवर्षं चालते.

पायरी ३: टायर

रस्त्याला गाडी फक्त चार तळहातांएवढ्या जागेत टेकते. तिथे जुनं, कडक रबर असेल तर वरचे सगळे बदल वाया जातात. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालातला तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, जोरात चालवायच्या गाडीवर मी ठेवत नाही.

मूळ माप १८५/६०, १४ इंची चाक. १४ इंचांत चांगले टायर आता फारसे मिळत नाहीत, म्हणून बहुतेक जण १५ इंचांवर जातात. १९५/५० आर १५ घेतलं तर टायरचा एकूण व्यास सुमारे ५७६ मिलिमीटर येतो; मूळ टायरचा ५७८. म्हणजे स्पीडोमीटर खरं बोलतो आणि गिअरचं गणितही बिघडत नाही. चाक ४×१०० बोल्टचं, मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं आणि वजनाला हलकं हवं. सतरा इंची चाकं फोटोत देखणी दिसतात, पण या गाडीला जड होतात. स्टिअरिंगमधला जिवंतपणा जातो आणि प्रत्येक खड्डा कमरेत बसतो.

पायरी ४: ब्रेक

१.६ च्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरची डिस्क आहे, १९९४ पासूनच्या १.८ ला २५५ ची. मोठ्या डिस्क १.६ वर बसवता येतात, पण एक टनाच्या गाडीला रस्त्यावर त्यांची निकड नसते. आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं: ताजं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं मात्र १५५ अंशालाच उकळू शकतं. लांब उतारावर पेडल खाली जातं ते बहुधा यानंच. नवीन ऑइल, बरे पॅड, चारही कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलेल्या, एवढ्यानं भागतं. ट्रॅकवर जाणार असाल तरच पुढचं बघा.

पायरी ५: शॉकअप, बुश आणि अलाइनमेंट

इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण मियाटाचा जीव इथे आहे.

पहिल्यांदा मूळ शॉकअप सोडवले तेव्हा आतले फोमचे बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आपटू न देणाऱ्या गाद्या) हातात आले. बोटानं दाबले आणि शिळ्या भाकरीसारखा चुरा झाला. म्हणजे कित्येक वर्षं प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लोखंड लोखंडावर आपटत होतं, आणि मी त्याला ‘स्पोर्टी कडकपणा’ समजत होतो.

या गाडीत शॉकअपला खाली दबायला जागा मुळातच कमी आहे. त्यामुळे मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवू नका. ती सतत बम्प स्टॉपवर चालेल आणि वळणातला खड्डा लागला की मागचं चाक उडेल. स्प्रिंगला जुळणारे चांगले शॉकअप, नवे बम्प स्टॉप आणि वरचे नवे माउंट हे सगळं एकत्रच घ्या. पैसे पुरत नसतील तर मूळ उंचीवर फक्त चांगले शॉकअप घाला. स्वस्तातल्या कॉइलओव्हरपेक्षा (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच) ते केव्हाही बरे.

बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं. ती बदलताना एक गोष्ट पाळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, नेहमीच्या उंचीला, मगच पान्याचा शेवटचा जोर द्या. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी हे काम एका गॅरेजला दिलं होतं, त्यांनी जॅकवरच सगळं आवळलं, आणि वर्षभरात पुढचे दोन बुश गेले. दुसऱ्या खेपेला मी स्वतः जमिनीवर पडून केलं.

अलाइनमेंटचे विकेंद्री बोल्ट (जे फिरवून चाकांचे कोन बदलतात) गंजून जाम होतात. दोन-तीन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. घाटात फिरणाऱ्या गाडीसाठी मी पुढे उणे एक ते दीड अंश कँबर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल), मागे त्याहून किंचित जास्त, पुढे टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल) शून्य आणि मागे जराशी आत ठेवतो. मशीनवर चढवताना ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसा, किंवा तेवढं वजन ठेवा. इतक्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनानंही आकडे हलतात.

पायरी ६: इंजिन, आणि तेही सर्वात शेवटी

इथवर आल्यावर तीन महिने गाडी नुसती चालवा. बऱ्याच जणांची ताकदीची भूक इथेच शमते.

शमली नाहीच, तर आकड्यांकडे डोळे उघडून बघा. फिल्टर, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि सायलेन्सर मिळून थोडीच हॉर्सपॉवर देतात. १.६ मध्ये हवा मोजायला दारासारखी झडप आहे, १९९४ नंतर ती जाऊन तापत्या तारेचा सेन्सर आला. इंजिनाचा वेगळा संगणक बसवून ही झडप काढता येते, पण ते ट्यूनिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. टर्बो किंवा सुपरचार्जर लावला की आधी क्लच प्लेट घसरते, मग १.६ चा छोटा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) तक्रार करतो, आणि हाव वाढली तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) वाकतात. म्हणून बजेट टर्बोचं न धरता क्लच, १.८ चा डिफरेन्शियल, रेडिएटर आणि ट्यूनिंगसकट धरा.

उष्णतेचंही बघा. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या माझदांसाठीचं. मियाटात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं, बसवताना हेडमधून पाणी बाहेर पडायची वाट पुढच्या टोकाला आणली, त्यामुळे मागचा चौथा सिलेंडर जास्त तापतो. रस्त्यावर याचा त्रास होत नाही. टर्बो किंवा ट्रॅक असेल तर कूलंटची, म्हणजे या पाण्याची, वाट मागून वळवून घ्या. आणि १९९५ पासूनच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा दाब दाखवत नाही, तो नुसता आहे-नाही एवढंच सांगतो. ताकद वाढवणार असाल तर खरा गेज आधी बसवा.

ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकानं रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) आधी घ्यावा, मग हॉर्सपॉवर. सीटवर हेल्मेट घालून बसा, विंडशील्डच्या चौकटीपासून बारपर्यंत सरळ काठी धरायला सांगा. डोकं काठीखाली राहिलं पाहिजे.

पायरी ७: कायदा आणि खोकं

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यापुढच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी आहे. धुरावर परिणाम करणाऱ्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी नापास होते. म्हणून तो क्रमांक विकत घेण्याआधीच विचारा. महाराष्ट्रात जुन्या होंडा किंवा मित्सुबिशीवर असं काही करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचा आणि आधी आरटीओत चौकशी करा.

काढलेला एकही मूळ भाग फेकू नका. बोल्ट पिशवीत, पिशवीवर तारीख आणि कुठल्या बाजूचा ते मार्करनं, सगळं एका खोक्यात. माझ्या खोक्यात मूळ एअर फिल्टरचा डबा होता. तो गेल्या वर्षी मी पुन्हा गाडीत बसवला.